मत माणसाचं नव्हे, टोकनाचं: हाइव्हचा कारभार नेमका कोण चालवतं

हाइव्ह या सोशल मीडियाची ओळख करून देताना पहिलं वाक्य हमखास असतं, की याला मालक नाही. तुम्ही लेख टाकता, लोक त्याला मत देतात, मतांच्या हिशेबाने टोकनांमध्ये, म्हणजे डिजिटल नाण्यांमध्ये, मोबदला मिळतो आणि सगळ्याची नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे कुणालाही पाहता येईल अशा सामाईक नोंदवहीवर, राहते. कंपनी नाही, सीईओ नाही, जाहिरातदार नाही. ऐकायला छान वाटतं. पण मग नियम कोण बदलतं? मोबदल्याचा आकडा कोण ठरवतं? शिवीगाळ करणाऱ्याला कोण आवरतं? पासवर्ड चोरीला गेला तर कुणाचं दार ठोठवायचं? या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर वेगळं आहे. ही उत्तरं कळली, की ‘समुदायाने चालवलेला’ या शब्दांमागे नेमकी काय व्यवस्था आहे ते दिसू लागतं.

हाइव्हचा जन्म 20 मार्च 2020चा. त्याआधी हेच लोक, हेच लेख आणि बराचसा हाच कोड ‘स्टीम’ नावाच्या साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, होता. स्टीम 2016च्या मार्चमध्ये नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी सुरू केली. त्यांची कंपनी स्टीमिट इन्कॉर्पोरेटेड. लेख लिहिणाऱ्यांना पहिला मोबदला त्याच वर्षी 4 जुलैला मिळाला. स्टीमपासून हाइव्ह का फुटलं ती हकीकत पुढे येईलच. तीच या लेखाचा गाभा आहे, पण ती समजायला आधी यंत्रणा माहीत हवी.

सुरुवात टोकनापासून करू. हाइव्ह हे टोकन बाजारात विकता येतं. ते ‘पॉवर अप’ केलं, म्हणजे स्वतःच्या खात्यात अडकवून ठेवलं, की त्याची हाइव्ह पॉवर होते. परत सोडवायचं तर 13 आठवडे लागतात, दर आठवड्याला एक हप्ता. तिसरं टोकन एचबीडी, म्हणजे हाइव्ह बॅक्ड डॉलर. त्याची किंमत एका अमेरिकी डॉलरच्या आसपास राहावी अशी योजना आहे. कारभारात वजन असतं ते फक्त हाइव्ह पॉवरला. लेखाला मत देताना, कारभारी निवडताना, निधी वाटताना, सगळीकडे तुमच्या मताचं वजन म्हणजे तुमची अडकवलेली टोकनं.

इथे आपल्याकडच्या वाचकाने एक गोष्ट मनात पक्की करावी. महाराष्ट्रात सहकारी संस्थेच्या कायद्याचं कलम 27 सांगतं, की भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. दहा शेअर्स असलेला शेतकरी आणि हजार शेअर्स असलेला बागाईतदार मतपेटीपुढे सारखे. हाइव्हवर याच्या बरोबर उलट आहे. ‘समुदाय’ हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यांपुढे सोसायटीची वार्षिक सभा येते, पण हिशेब चालतो तो भागधारकांच्या कंपनीसारखा. यात फसवणूक नाही, कागदोपत्री सगळं उघड लिहिलेलं आहे. शिवाय त्याला कारणही आहे: नेटवर एक माणूस शंभर खाती उघडू शकतो. खात्यागणिक एक मत दिलं असतं तर बनावट खात्यांचा पूर आला असता. टोकनं मात्र शंभर खात्यांत वाटली तरी एकूण वजन तेवढंच राहतं.

लेखाच्या मोबदल्याचं काम असं चालतं. साखळीवर सतत नवी टोकनं तयार होतात. त्यातली 65 टक्के लेखक आणि मत देणाऱ्यांच्या सामाईक कोषात जातात, 15 टक्के हाइव्ह पॉवर बाळगणाऱ्यांना, 10 टक्के विटनेसना (साखळी चालवणारे कारभारी, त्यांच्याविषयी पुढे) आणि 10 टक्के विकासनिधीला. तुम्ही एखाद्या लेखाला अपव्होट, म्हणजे पसंतीचं मत, दिलं की तुमच्या खिशातून काही जात नाही. सामाईक कोषातला किती वाटा त्या लेखाकडे वळावा, एवढं तुम्ही सांगता. सात दिवसांनी हिशेब होतो. निम्मा लेखकाला, निम्मा मत देणाऱ्यांना, ज्यांना इथे क्युरेटर म्हणतात. समजा एका लेखाचे दहा डॉलर झाले, तर पाच लेखकाचे. त्यातही नेहमीच्या पद्धतीत अर्धे एचबीडीत आणि अर्धे हाइव्ह पॉवरमध्ये.

मतांची ताकद खर्च होते. पूर्ण वजनाचं एक मत दिलं की दोन टक्के ताकद उतरते आणि दिवसाला वीस टक्के भरून निघते. म्हणजे रोज साधारण दहा पूर्ण मतं. डाउनव्होटही आहे, आणि नव्या माणसाला धक्का बसतो तो तिथेच. सात दिवस पुरे व्हायच्या आत एखाद्या बड्या खात्याने उलटं मत दिलं तर लेखावर दिसणारी रक्कम डोळ्यांदेखत खाली येते. ती रक्कम तोवर तुमची झालेलीच नसते. तो फक्त अंदाज असतो, आणि कोष सगळ्यांचा असल्याने त्यातून कुणाला किती जावं याला हरकत घ्यायचाही सगळ्यांना हक्क आहे. चोरलेले लेख आणि आपल्याच दुसऱ्या खात्याला दिलेली मतं रोखायला हे हत्यार लागतंच. 2019च्या ऑगस्टपर्यंत डाउनव्होट दिलं की तुमची अपव्होटची ताकद, म्हणजेच कमाई, घटायची. त्यामुळे कोणी वाईटपणा घेत नसे. मग त्यासाठी थोडी वेगळी, फुकटची ताकद देण्यात आली. तेव्हापासून चोऱ्या कमी नफ्याच्या झाल्या आणि भांडणं वाढली. माझ्या मते हा सौदा ठीक होता, पण ज्याचा लेख कुणाच्या तरी जुन्या हाडवैरात सापडतो त्याला तो पटवून देणं कठीण.

आता विटनेस. हेच हाइव्हचे खरे कारभारी. विटनेस म्हणजे स्वतःच्या खर्चाने सर्व्हर चालवून ब्लॉक, म्हणजे साखळीत जोडले जाणारे नोंदींचे गठ्ठे, तयार करणारी व्यक्ती किंवा गट. दर तीन सेकंदांनी एक ब्लॉक. एका फेरीत 21 जण: सर्वाधिक मतं मिळालेले 20, आणि एक जागा खालच्या क्रमांकांवरच्या राखीव विटनेसना आळीपाळीने. ब्लॉक तयार केल्याबद्दल त्यांना टोकनं मिळतात. ब्लॉकचा कमाल आकार, नवं खातं उघडण्याचं शुल्क, एचबीडीवरचं व्याज, हाइव्हचा डॉलरमधला भाव, हे आकडेही तेच जाहीर करतात. सगळ्यांचे आकडे उतरत्या क्रमाने मांडून मधला घेतला जातो, त्यामुळे एखाद्याने भलताच आकडा टाकला तरी फरक पडत नाही.

पण त्यांचा सर्वात मोठा अधिकार वेगळाच आहे. साखळीचा नियम बदलायचा, म्हणजे हार्ड फोर्क करायचा, तर 21 पैकी 17 विटनेसनी नवा कोड चालवायला हवा. कोड लिहिणारे प्रोग्रामर वेगळे. ते कितीही हुशार असले तरी त्यांच्या हाती अंमलबजावणी नाही. विटनेसनी जुनाच कोड चालू ठेवला तर नवा कोड पडून राहतो. म्हणजे ज्याच्या हाती 17 विटनेस, त्याच्या हाती साखळीचे नियम. यात कुणाच्या खात्यात किती टोकनं आहेत हेसुद्धा येतं. हे वाक्य सावकाश वाचावं, कारण ब्लॉकचेनवरचं धन कुणी हिरावू शकत नाही असं आपल्याला सांगितलेलं असतं.

विटनेस निवडायचे कसे? प्रत्येक खात्याला 30 विटनेसना मत देता येतं. आणि मेख इथे आहे: तुमची ताकद त्या 30 जणांत वाटली जात नाही. प्रत्येकाला तुमचं पूर्ण वजन मिळतं.

याचा परिणाम एका काल्पनिक हिशेबाने पाहू. एकूण 100 टोकनं आहेत. एका बड्याकडे 30, उरलेली 70 हजारो लोकांकडे. त्या 70 पैकी 30 टोकनांचे धनी मतदानाच्या वाटेलाच जात नाहीत. राहिली 40. हे लोक वेगवेगळ्या विटनेसना पसंती देतात, त्यामुळे सर्वात लोकप्रिय उमेदवारालाही समजा 27 मिळतात. आता त्या बड्याने आपले 20 उमेदवार उभे केले तर? प्रत्येकाला 30. पहिले वीसच्या वीस त्याचे. 30 टक्के टोकनं असलेल्याला 30 टक्के जागा नाहीत, सगळ्याच्या सगळ्या जागा मिळतात.

स्टीमवर असा बडा खातेदार पहिल्या दिवसापासून होता. साखळी सुरू झाली तेव्हा फारसा गाजावाजा न करता, बाहेरच्यांना पुरता सुगावा लागण्याआधी, कंपनीने टोकनांचा मोठा साठा स्वतःच माइन केला होता, म्हणजे संगणक चालवून मिळवला होता. 2020 उजाडेपर्यंत तो एकूण टोकनांच्या साधारण पाचव्या हिश्श्यावर आला होता. या टोकनांनी आम्ही विटनेस निवडणार नाही, ती विकासासाठी आणि नवे लोक आणण्यासाठी आहेत, असं कंपनी सांगत आली. लोकांनी ते मानलं. पण ते वचन होतं. कोडमध्ये तशी ओळ कुठेच नव्हती.

14 फेब्रुवारी 2020ला स्टीमिट कंपनी ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या जस्टिन सन यांनी घेतल्याचं जाहीर झालं. कंपनीबरोबर तो साठाही गेला. जुन्या मालकाचं वचन नवा मालक पाळेल का, हा प्रश्न विटनेसना पडणं स्वाभाविक होतं. त्यांनी वाट पाहिली नाही. दहा दिवसांच्या आत एक छोटा बदल चालू केला आणि कंपनीच्या खात्यांतली टोकनं गोठवली. चोरली नाहीत, फक्त हलवता येऊ नयेत, मतदानाला वापरता येऊ नयेत एवढंच केलं. त्यांच्या दृष्टीने हा बचाव होता. सन यांच्या दृष्टीने, विकत घेतलेल्या मालमत्तेवर परक्यांनी टाकलेली धाड. दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी समजण्यासारखं आहे.

2 मार्चला उत्तर आलं. साठा गोठलेला, मग मतं आणायची कुठून? एक्स्चेंजमधून, म्हणजे टोकनांची खरेदीविक्री जिथे होते त्या बाजारांतून. बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या तीन एक्स्चेंजांनी स्वतःकडची स्टीम टोकनं पॉवर अप केली आणि नव्याने उभ्या केलेल्या विटनेसना मतं दिली. पोलोनिएक्समध्ये सन यांची गुंतवणूक होती. काही तासांत पहिल्या वीसमधले सगळे जुने विटनेस खाली गेले, नव्या वीस जणांनी कोड बदलला, गोठवलेला साठा मोकळा झाला.

ती टोकनं एक्स्चेंजच्या मालकीची नव्हती. ग्राहकांनी खरेदीविक्रीसाठी तिथे ठेवलेली होती. आपलं टोकन कुणाच्या बाजूने मतदान करतंय याची त्या ग्राहकांना कल्पनाही नव्हती. भर म्हणजे पॉवर अप केलेलं सोडवायला 13 आठवडे लागतात, तेव्हा आपलेच पैसे काढायला गेलेल्यांची पंचाईत झाली. गदारोळ उठल्यावर बायनान्सने मतं मागे घेतली. आपल्याला हा नेहमीचा अपग्रेड वाटला, असा त्यांचा खुलासा होता. हुओबीनेही माघार घेतली.

मग जे कधी मतदान करत नव्हते ते जागे झाले. वर्षानुवर्षं झोपलेल्या खात्यांनी जुन्या विटनेसना मतं दिली, लोकांनी आपली मतं प्रॉक्सीने जाणत्यांकडे सोपवली, आणि पहिल्या वीसमधल्या बऱ्याच जागा परत मिळवल्या. पण 17 कुणाकडेच होईनात. एका बाजूला नियम बदलता येईना, दुसऱ्या बाजूलाही येईना.

अशा कोंडीत साध्या सोशल मीडियावर एकच मार्ग उरतो, खातं बंद करून जाणे. आणि जाताना लेख, अनुयायी, ओळखी सगळं तिथेच सोडणे. इथे मात्र कोड खुला होता आणि पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक नोंद सार्वजनिक होती. त्यांनी साखळीची पूर्ण प्रत काढली आणि 20 मार्चला तिला हाइव्ह नाव देऊन वेगळी चालू केली. ज्याच्याकडे स्टीमची जितकी टोकनं होती त्याला हाइव्हची तितकीच. जुने लेख, जुनी खाती, जुनेच पासवर्ड. फक्त कंपनीच्या साठ्याच्या वाट्याची टोकनं कंपनीला दिली नाहीत. ती, आठ कोटींच्या वर, विकासनिधीत टाकली. सन यांच्या विटनेसना मतं देणाऱ्या काही खात्यांनाही वगळलं.

ते शेवटचं मला खटकतं. मतदान केल्याबद्दल टोकनं नाकारणं हे लोकशाहीच्या नावाने सुरू झालेल्या घराला शोभणारं नव्हतं. पण स्टीमवर दोन महिन्यांनी झालं ते त्याहून पुढचं होतं. 20 मे 2020ला तिथल्या नव्या विटनेसनी हार्ड फोर्क करून 64 खात्यांतली सुमारे 2 कोटी 36 लाख स्टीम टोकनं काढून घेतली. तेव्हाच्या भावाने साधारण 50 लाख डॉलर. ती ज्या खात्यात जमा केली तिथून कुणीतरी अनामिकाने ती लगोलग बिट्रेक्स एक्स्चेंजकडे पाठवली, मूळ मालकांना परत करावीत अशा निरोपासह. 17 विटनेस हाती असण्याचा अर्थ काय, ते या एका दिवशी सगळ्यांना कळलं.

या अनुभवातून हाइव्हने पुढे दोन कुलपं लावली. 2020च्या ऑक्टोबरमधल्या हार्ड फोर्कनंतर नव्याने पॉवर अप केलेल्या टोकनांना विटनेस निवडीत 30 दिवस वजन नसतं. म्हणजे एक्स्चेंजला एका रात्रीत सत्ता पालटता येणार नाही. महिनाभर आधी सगळ्यांना दिसेल, आणि तोवर लोकांना हालचाल करता येईल. 2021च्या जूनमध्ये दुसरा बदल आला: वर्षभर कारभाराच्या मतदानात काहीच हालचाल न करणाऱ्या खात्याची ती मतं आपोआप रद्द होतात. त्यामुळे कधीच सोडून गेलेल्या माणसाच्या जुन्या मतावर कुणी विटनेस वर्षानुवर्षं वर बसून राहत नाही.

तीस मतांचा गुणाकार मात्र आजही तसाच आहे. वजन विभागून का देत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. त्यातही पेच आहे. वजन विभागलं तर 30 टक्केवाल्याला सगळ्या जागा मिळणार नाहीत हे खरं, पण पाच-सहा जागा नक्की मिळतील. नियम बदलायला 17 लागतात, म्हणजे अडवून धरायला पाच पुरतात. आज बहुमत गिळंकृत होण्याची भीती आहे, उद्या अल्पमताच्या नकाराधिकाराची असेल. मला विचाराल तर तीस मतांत काही अर्थ नाही. मतं कमी केली, दहाच्या आसपास आणली, तर सगळ्या जागा गिळंकृत होण्याची भीती तरी कमी होईल. पण हा बदल करायचा तर तो याच पद्धतीने निवडून आलेल्या 17 जणांनी करायचा आहे.

विकासनिधीची रीत त्यामानाने मला जास्त आवडते. कुणीही 10 एचबीडी भरून प्रस्ताव मांडू शकतो: अमुक काम करतो, रोज इतके एचबीडी द्या. हाइव्ह पॉवरवाले मत देतात. उंबरठा किती मतांचा, हे कुठेच लिहिलेलं नाही. त्याऐवजी ‘पैसे निधीतच परत टाका’ असा एक कायमचा प्रस्ताव यादीत आहे. त्याच्या वर असलेल्या प्रस्तावांना क्रमाने पैसे मिळतात, खालच्यांना छदामही नाही. खर्च वाढतोय असं लोकांना वाटलं की ते त्या परतीच्या प्रस्तावाला मत देतात आणि रेघ वर सरकते. मिळतात ते पैसेही एकरकमी नाहीत, थोडे थोडे मिळतात, आणि मत कधीही काढून घेता येतं. काम रेंगाळलं तर मधेच नळ बंद. एका दिवसात निधीतल्या एचबीडीच्या एक टक्क्याहून जास्त खर्च करायला कोडच मनाई करतो. वचनावर नव्हे, कोडवर भरवसा, हे स्टीमच्या साठ्याच्या वेळी जे राहून गेलं ते इथे आहे.

राहिला शिवीगाळीचा प्रश्न. तिथे विटनेस लक्ष घालत नाहीत. हाइव्हवर विषयवार गट आहेत, त्यांना कम्युनिटी म्हणतात. नवं खातं उघडण्याचं शुल्क भरलं की कुणालाही ती काढता येते. तिचा ओनर अॅडमिन नेमतो, अॅडमिन मॉडरेटर नेमतो, मॉडरेटर सभासद करून घेतो, चांगला लेख वर टाचून ठेवतो, नकोसा लेख म्यूट करतो. काही गटांत कुणीही पाहुणा लिहू शकतो, काहींत पाहुण्यांना फक्त प्रतिक्रिया देता येते, आणि काहींत सभासद नसलेल्याला तेवढीही मुभा नाही. पण म्यूट म्हणजे नजरेआड करणं, एवढंच. लेख साखळीवर राहतो, त्याला मतं मिळू शकतात, मोबदलाही मिळू शकतो. पीकडी, इसेन्सी, हाइव्ह डॉट ब्लॉग अशा ज्या वेगवेगळ्या ठिकाणांवरून आपण हे सगळं वाचतो त्यांचे चालक स्वतःच्या पडद्यावरून काही गोष्टी लपवू शकतात, पण दुसऱ्या पडद्यावर त्या दिसत राहतील. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. रागाच्या भरात लिहिलेलं, घरचा पत्ता चुकून टाकलेलं, कुणाची बदनामी करणारं, यातलं काहीही इथून कायमचं पुसता येत नाही. तुम्ही नंतर लेख बदललात तरी जुनी आवृत्ती नोंदीत राहते.

पासवर्डचं सांगायचं तर खात्याला एक नाही, चार किल्ल्या असतात. पोस्टिंग किल्लीने लिहायचं आणि मत द्यायचं, अॅक्टिव्ह किल्लीने टोकनं हलवायची, मेमो किल्लीने खाजगी निरोप वाचायचे, आणि ओनर किल्लीने बाकीच्या किल्ल्या बदलायच्या. रोजच्या वापराला पोस्टिंग किल्ली पुरते. ओनर किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवावी. ती हरवली तर विटनेससुद्धा नवी करून देत नाहीत. चोरी झाली तर मात्र एक सोय आहे: चोराने ओनर किल्ली बदलल्यापासून 30 दिवसांच्या आत, जुनी किल्ली तुमच्याजवळ असेल तर, तुमच्या रिकव्हरी खात्याच्या, म्हणजे अशा वेळी तुमची खात्री देण्यासाठी नेमलेल्या दुसऱ्या खात्याच्या, संमतीने ताबा परत मिळतो.

भारतातून यात उतरणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. 1 एप्रिल 2022पासून अशी टोकनं विकून झालेल्या नफ्यावर सरसकट 30 टक्के कर आहे आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातून वजा करता येत नाही. त्याच वर्षीच्या जुलैपासून ठराविक रकमेवरच्या व्यवहारांवर एक टक्का टीडीएसही कापला जातो. त्यामुळे लेखामागच्या चार-दोन डॉलरची स्वप्नं रंगवण्याआधी हिशेबाची वही घालावी.

ज्यांचं खातं आधीपासून आहे त्यांनी आज दोन कामं करावीत. विटनेसची यादी उघडून आपण शेवटचं मत कधी दिलं होतं ते पाहावं. वर्ष उलटलं असेल तर ती मतं केव्हाच गळून गेलेली असतील. टोकनं थोडी आहेत म्हणून लाजू नये, 2020च्या मार्चमध्ये सन यांच्या बाजूला रोखलं ते झोपेतून जागे झालेल्या अशाच छोट्या-मोठ्या खात्यांनी. आणि रिकव्हरी खातं कोणाचं आहे ते तपासावं. ते बहुधा तुमचं खातं ज्याने उघडून दिलं त्याचंच असतं. तो मध्येच हाइव्ह सोडून गेला असेल, तर ते बदलून ओळखीच्या माणसाचं करावं. बदल लागू व्हायला 30 दिवस जातात, तेव्हा चोरी झाल्यावर हे करून उपयोग नाही.